समुद्राचा दुसरा काठ

समुद्राला दुसरा काठ असतो आणि आभाळ साफ असलं तर तो सकाळी दिसतो, असं मी एकदा सांगितलं होतं. जिला सांगितलं तिच्याशी पुढे माझं लग्न झालं, त्यामुळे ते वाक्यही आमच्याबरोबर घरात राहायला आलं.

मी बोलणारा माणूस नाही. वर्गात बोलतो ते नोकरी म्हणून. घरी माझं तोंड जेवायला आणि चहाला उघडतं, अशी बायकोची तक्रार आहे आणि ती खरी आहे. हा माझा स्वभावच आहे असं ती धरून चालली होती. कारण दुसरं होतं. पोटात एक खोटं घेऊन फिरणाऱ्याला प्रत्येक वाक्याआधी थांबून पाहावं लागतं, की हे जाऊन त्या खोट्याला तर धडकणार नाही? असं थांबत थांबत बोललं की लोक माणसाला गंभीर समजतात. शाळेत तर मला विद्वान समजतात. आता पन्नाशी उलटली. सांगून टाकतो.

आमगावजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे तलाव. गावाला एक तरी तलाव असतोच. त्याला मातीची पाळ असते, धानाला पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडुम नावाचं दार असतं, आणि समोर दुसरा काठ असतो. तिथे म्हशी बसलेल्या असतात, म्हणजे काठ आहे याची खात्री पटते. समुद्र आमच्याकडे एकाच ठिकाणी आहे. गोंदिया स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला, पिवळ्या पाटीवर, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते तिथे. लहानपणी मला वाटायचं की ती पुराची खूण आहे, समुद्र एकदा इथवर चढून आला होता.

मुलगी पाहायला आम्ही तिरोड्याकडे, बोदलकशाच्या जलाशयाजवळच्या गावात गेलो, तेव्हा माझं बी.एड. नुकतंच झालं होतं आणि मी नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. पण माझ्या माहितीच्या कागदावर ‘छंद’ या शब्दापुढे मी ‘प्रवास’ लिहून ठेवलं होतं. मुलीच्या मोठ्या भावानं तेच नेमकं वाचलं.

“प्रवास म्हन्ता, तं कुठी कुठी गेले जी?”

मी भंडारा, नागपूर म्हणणार होतो. तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या मामानं माझी लाज राखली. “अजी, मुंबईले जाऊन आला ना भाचा आमचा!”

“मंग समुद्र पाह्यला असन?”

मामानं फक्त मुंबई म्हटलं होतं. समुद्र मी घातला, हे इथे स्पष्ट करायला हवं. मामा आता नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. “पाहिला ना,” मी म्हणालो.

“केवढा आहे?”

“बोदलकशाहून मोठा.”

“असन, असन,” तिचे वडील म्हणाले. मुंबईचाच तो, मोठा असणारच, असा त्यांचा चेहरा होता.

पोह्यांच्या बशा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली होती. तिनं विचारलं, “मंग दुसरा काठ दिसते का जी?”

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं प्रश्न विचारायची रीत नव्हती. मी मान वर केली. ती दारात उभी होती. तिच्या मागे उघड्या दारातून जलाशय दिसत होता आणि जलाशयापलीकडे टेकड्या. मी इंग्रजीचा पदवीधर होतो, पृथ्वी गोल आहे हे मला माहीत होतं. पण समोर ती होती, तिच्या मागे पाणी होतं आणि त्या पाण्याला काठ होता.

“सकाळी दिसते,” मी म्हणालो. “आभाळ साफ असलं तं.”

ती समाधानानं आत गेली. पुढे कित्येक वर्षांनी तिनं सांगितलं, की मी तिला पसंत पडलो तो त्या उत्तरामुळे. “बाकीचे दोघं आले होते ते आपल्याच शेतीचं सांगून राहिले होते. तुमीच एक असे भेटले का ज्यानं काही पाह्यलं होतं.”

हे ऐकल्यावर कुठल्या नवऱ्याला खरं सांगवेल? मला नाही सांगवलं.

लग्नानंतर ते वाक्य गावभर झालं. पाण्याच्या टाकीजवळ, लग्नाच्या पंगतीत, बचत गटाच्या बैठकीत, कुणी समुद्राचं नाव काढलं की ती म्हणायची, “आमचे मास्तर पाहून आले. सकाळी दुसरा काठ दिसते म्हन्ते.” मी तिथे असलो तर लोक माझ्याकडे बघायचे आणि मी गंभीर व्हायचो. तोंड उघडायला लागू नये म्हणून मी पान खायला शिकलो.

त्यात माझा धंदा असा, की समुद्र मला सोडीना. आमच्याकडे समुद्र नाही, पण इंग्रजीत तो जागोजागी साचलेला असतो. त्या लोकांनी गलबतं हाकण्यात इतकी वर्षं घालवली, की घरी परतल्यावरही त्यांच्या बोलण्यातून पाणी निघत राहिलं. गर्दी पाहिली की त्यांना माणसांचा समुद्र दिसतो. गोंधळले की म्हणतात, मी समुद्रावर आहे. मोठा बदल झाला की तोही समुद्राचाच. दहावीच्या पोरांना मी ‘अ सी ऑफ पीपल’ शिकवत होतो, तेव्हा एक पोरगी म्हणाली, “सर, मंग ते लोक बुडून राहिले का?” मी म्हटलं, नाही, दिवाळीनंतर भरते ती आपली मंडईची जत्रा डोळ्यांसमोर आण. झाडाच्या फांदीवर बसून पाहिलं तर खाली डोक्यांशिवाय काय दिसतं? तिला लगेच कळलं. ‘ॲट सी’चंही तसंच. म्हटलं, देवरीच्या जंगलात माणसाला चकवा लागतो ना, फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, तसे हे गोरे लोक पाण्यात चकवा लागलेले. “पन सर, पान्यात झाडच नाही. तं तेच झाड आलं हे समजते कसं?” असा प्रश्न आला. त्या तासाला मी पान खायला बाहेर गेलो.

पोरं एकमेकांना सांगायची, “सरनं खरा समुद्र पाह्यला आहे, म्हनून सरचं इतकं समजते.” मी मात्र दर वर्षी तो धडा आला की खडूनं फळ्यावर तीन वाकड्या रेघा काढायचो आणि पटकन पुसायचो.

इथवर हे गमतीचं आहे. पुढचं तितकं नाही.

माझ्या सासूबाईंना जगन्नाथपुरीला जायचं होतं. आमच्या भागातले पुष्कळ लोक जातात. गोंदियाहून गाडीत बसायचं आणि थेट उतरायचं. सासूबाईंना देव पाहायचा होता आणि लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, समुद्र. दोघींचं एकाच तिकिटात होणार होतं. आणि मला घेतल्याशिवाय जायचं नाही हेही ठरलेलं, कारण समुद्राची माहिती असलेला मीच.

म्हणजे एखाद्या स्वच्छ सकाळी मला माझ्या बायकोशेजारी वाळूत उभं राहून दुसरा काठ दाखवावा लागणार होता.

मी इंग्रजीचा आधार घेतला. पहिल्या वेळी मी ‘सी-सिक’ काढला. म्हटलं, समुद्र लागतो माणसाला, उलट्या होतात, इंग्रजीत त्या आजाराला वेगळा शब्दच आहे. सासूबाई माझ्याशी समोरासमोर बोलत नाहीत, त्यांच्या माहेरची तशी रीत आहे. पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून, लेकीला सांगायचं आणि लेकीनं मला. मी दोन हातांवर बसलेलो असलो तरी. त्या भिंतीला म्हणाल्या, “त्याईले इचार, नुसतं काठावर बसून पाह्यलं तरी होते का उलट्या?”

“आई इचारते, नुसतं पाह्यलं तरी—”

“काही लोकांना पाहूनच होतात,” मी म्हणालो.

सासूबाई त्या साली तांदूळच निवडत राहिल्या. नंतर एकदा मी ‘रफ सी’ काढला, की या दिवसांत समुद्र रागात असतो. पुढे कधीतरी ‘सी चेंज’वरून सांगितलं, की आता समुद्र पूर्वीसारखा राहिला नाही, फार बदलला. त्यावर बायको हळहळली, “तुमी तरी चांगला होता तवा पाह्यला.” तिच्या आवाजात हेवा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. अशी वर्षं गेली. शब्दकोश जाड असतो. माझ्याकडे अजून पुष्कळ समुद्र शिल्लक होता.

संपला तो सासूबाईंचा डोळा. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्या डोळ्यावर भरवसा नाही असं डॉक्टर म्हणाले. मग माझा साळा, तोच, कागदावरचा प्रवास वाचणारा, मला न विचारता तिकिटं काढून घरी आला. तो आमगावला धानाचा व्यापार करतो आणि गोंदियात वावरून अर्धा हिंदी झालेला आहे.

“जवाईबापू, कन्फर्म आहे चारही. मायचा एक डोळा गेला, दुसरा जाऊन राहिला. आता तुमच्या उलट्या-फिलट्या काही सांगू नका. उलटी झाली तं मी पुसतो.”

बायको म्हणाली, “गटातल्या बायाईले सांगून ठेवलं मी, दुसऱ्या काठाचा फोटो काढून आनतो म्हनून. फोनमधले जुने फोटो काढून टाकून जागा केली.”

मी त्या दिवशी खरं सांगू शकलो असतो. दार बंद होतं, तिचा भाऊ निघून गेला होता, ती चहा गाळत होती. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, “काय? साखर पाहिजे का?” मी हो म्हणालो. मला साखर नको होती.

पुरीला आम्ही आधी देवदर्शन केलं. सासूबाईंनी गाभाऱ्यात कितीतरी वेळ हात जोडले. त्यांना तिथे काय दिसलं ते मी विचारलं नाही. दुपार उतरल्यावर समुद्राकडे निघालो. रिक्षातून उतरलो तर आधी आवाज आला. मला वाटलं मालगाडी जाते आहे. ती जातच राहिली, संपेना. मग दोन लॉजच्या मधल्या फटीतून तो दिसला.

खरं सांगतो, माझे पाय थांबले. मला ठाऊक असलेलं पाणी पडून असतं. हे उभं राहून चालत येत होतं. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आल्या रिक्षानं परत जावं. पण तिघंही माझ्याकडे पाहत होती.

“तुमी पुढं व्हा,” साळा म्हणाला. “तुमाले सवय आहे.”

आता तलावात उतरायची एक पद्धत असते. गुडघाभर पाण्यात जायचं, मग काठाकडे तोंड करून उभं राहायचं आणि मागच्यांना एकेकाला हात देऊन आत घ्यायचं. पाणी कुठे जात नाही, त्याच्याकडे पाठ केली तरी चालते. मी पँट वर ओढली, गुडघाभर पाण्यात गेलो आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. पुन्हा मी मास्तर. समोर तीन श्रोते दिसल्यावर मला शिकवायची हुक्की येते. “घाबरायचं काही नाही,” मी म्हणालो, “पाय घट्ट रोवायचे, आणि—”

पुढचं वाक्य समुद्रानं घेतलं. मागून कुणीतरी पोत्यानं झोडपावं तसं झालं. मी आधी वाळूत गेलो, मग पाण्यात, मग पुन्हा वाळूत. उठलो तेव्हा नाकातोंडात मीठ होतं, एक चप्पल नव्हती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. एका ओडिया बाईनं मला बखोटीला धरून उभं केलं आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा येत नव्हती तरी अर्थ कळला.

“जवाईबापू, पाठ काऊन केली त्याच्याकडं?” साळा धावत आला.

“सवय गेली,” मी खोकत म्हणालो. “इंग्रजीत याला सी लेग्ज म्हणतात. समुद्राचे पाय. खूप दिवसांनी आलं की ते यायला वेळ लागतो.”

“असन. चप्पल तं एकाच पायाची गेली.”

बायकोनं पदरानं माझं तोंड पुसलं. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण चष्मा नसल्यामुळे खात्री नव्हती. चष्मा गेल्याचं दुःख मी फार दाखवलं. आतून मला देव पावल्यासारखं झालं होतं. उद्या सकाळी मला काहीच दिसणार नव्हतं, त्यामुळे कुणाला काही दाखवायचाही प्रश्न नव्हता.

पहाटे तिनं सगळ्यांना उठवलं. आभाळ धुतल्यासारखं साफ होतं. मी ढगांची आशा धरून झोपलो होतो.

आम्ही चौघं वाळूत ओळीनं बसलो. डाव्या बाजूनं सूर्य निघाला. पाणी तांबडं झालं, मग पांढरं. बायकोनं फोन तयार धरला होता. ती समोर पाहत होती. मग डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग उभी राहिली. मग साळ्याला म्हणाली, “दादा, तुले दिसते का रे?”

“मले तं पानीच दिसून राहिलं.”

“अजी, कोनत्या बाजूले?”

“माझा चष्मा नाही,” मी म्हणालो.

साळ्यानं चहावाल्याला गाठलं. “भैया, उधर का किनारा कितने बजे दिखता है?”

“उधर किनारा नहीं है, बाबूजी.”

“कैसे नहीं है? हमारे मास्टरजी देखके गए हैं.”

चहावाल्यानं माझ्याकडे पाहिलं, चार कपांकडे पाहिलं आणि म्हणाला, “तो दिखता होगा.”

साळा परत आला. त्याच्या चालण्यात मजा आली होती. जावयाला कोंडीत पकडायची संधी साळ्याला आयुष्यात किती वेळा मिळते? “जवाईबापू, मुंबईले एका बाजूनं दिसत असन, इकडून दिसत नसन. नाही तं मुंबईच दिसली नसन!” तो मोठ्यानं हसला. बायको हसली नाही. ती फोन हातात घेऊन पाण्याकडेच पाहत होती. तिचा चेहरा मला धूसर दिसत होता, तरी त्यावर काय येऊ लागलंय ते दिसत होतं. ती हिशेब जुळवत होती. कालची माझी पाठ, माझे पाय, कितीतरी वर्षांचं माझं पान.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्यांनी पदर पुढे ओढला, भिंत नव्हती म्हणून वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “दिसते ना. तो काय.”

साळ्यानं आधी होडीकडे पाहिलं.

“काय दिसते, माय?” साळा.

“काठ. दुसरा.”

“तुले दिसते?”

“मंग. झाडंबी दिसून राहिले.”

“कायचे झाडं?”

“मोहाचे,” सासूबाई न अडखळता म्हणाल्या. “आन् एक देऊळ आहे. पांढरं. तुमचेच डोळे कमजोर.”

त्यांना समोरचा चहाचा कप हातानं चाचपून घ्यावा लागत होता. त्या होडीकडे तोंड करून बसल्या होत्या, समुद्र त्यांच्या उजव्या खांद्याकडे होता. पण जावयाचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यासाठी त्यांनी बंगालच्या उपसागरापलीकडे मोहाची झाडं उभी केली, वर एक देऊळ बांधलं.

बायकोनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मला वाटतं, तिनं त्या वेळी काही विचारलं असतं तर मी पुन्हा शब्दकोशात शिरलो असतो. पण तिनं काही विचारलं नाही. आणि त्या म्हातारीनं उचललेलं माझं ओझं माझ्याच्यानं पाहवेना. मी म्हणालो, “मी समुद्र कालच पहिल्यांदा पाहिला.”

“काय?” साळा.

“मी मुंबईला गेलो नव्हतो. कधीच. दुसरा काठ वगैरे काही नसतो. उलट्याही नुसतं पाहून होत नाहीत. ते सगळं मी…” इथे मला योग्य शब्द मिळेना. “ते सगळं मी बोदलकसा पाहून सांगितलं.”

लाट आली आणि गेली. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. पुस्तकात असं लिहिलेलं असतं.

सासूबाईंनी होडीकडे पाहत लेकीला सांगितलं. आवाज चढलेला होता. “त्याईले सांग, मी त्याईच्यासाठी देवाच्या दारी, कालच दर्शन घेतलेल्या तोंडानं, झाडं पाह्यले. आन् त्याईनं मलेच लबाड पाडलं. एवढ्या वर्षांत नाही सांगतलं, तं आनखी थोडा वेळ थांबता नाही आलं का म्हना?”

“आई म्हन्ते—”

“ऐकलं,” मी म्हणालो.

साळ्याला इतकं हसू आलं, की तो वाळूत आडवा झाला. “देऊळ बांधलं हो मायनं! पांढरं!” चहावाला पाहायला आला. साळ्यानं त्याला सगळं हिंदीत सांगितलं. चहावाल्यानं मला दुसरा कप फुकट दिला. एवढी सहानुभूती मला घरच्यांकडून मिळाली नाही.

बायको एकटीच पाण्याकडे चालत गेली. समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, कालचं पाहून शिकली होती. घोट्यापर्यंत पाणी येत होतं, जात होतं. तिनं फोन वर केला, फोटो काढला. नंतर मी तो पाहिला. त्यात फक्त पाणी आहे, आणि वर आभाळ.

परतीच्या गाडीत तिनं तपासणी सुरू केली. वरच्या बर्थवर साळा घोरत होता. खालच्या एका बर्थवर सासूबाई डब्याच्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दुसऱ्यावर आम्ही दोघं, मध्ये प्रसादाच्या खाज्याची पिशवी.

“विमानात बसलो म्हनलं होतं, ते?”

“बिरसीच्या विमानतळाबाहेर उभा राहून पाहिलं. कुंपणाच्या बाहेरून.”

“नागझिऱ्यात वाघ पाह्यला होता ते?”

“पंजा.”

“पंजा म्हन्जे?”

“मातीतला ठसा. गाइड म्हणाला वाघाचा आहे.”

गाडी एका नदीवरून गेली. बायको थांबली नव्हती, पुलाचा आवाज संपायची वाट पाहत होती. “माह्या हातची अंबाडीची भाजी आवडते, ते?”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“खरं सांगा.”

“अंबाडीची नाही आवडत.”

“बाकीच्या?”

“बाकीच्या खरंच आवडतात.”

“एवढे वर्षं मी दर बुधवारी अंबाडी करून राहिली,” ती म्हणाली. हे तिला समुद्रापेक्षा जास्त लागलं असावं, कारण त्यानंतर रायपूर येईपर्यंत ती बोलली नाही.

रायपूर गेल्यावर तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आईले सांगतलं होतं का पाहून आजार होते. ते कायले?”

“तुम्ही गेलात तर तुम्हाला कळेल म्हणून.”

“तिचे दोनी डोळे होते तवा.”

“हो,” मी म्हणालो.

तिनं उठून केस बांधले आणि ती पिशव्या मोजायला लागली. “ही गाडी आमगावले थांबते का?”

“नाही थांबत. गोंदियाला उतरून मागे यावं लागेल.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या सीटवरच्या माणसाकडे वळली. “भैया, ये गाड़ी आमगांव रुकती है क्या?”

“नहीं, बहनजी. सीधा गोंदिया.”

ती परत येऊन बसली. हेच आता असं चालणार, हे मला कळलं. दुधाचा भाव, बसची वेळ, उद्या सुट्टी आहे की नाही, सगळं पलीकडच्या माणसाला विचारून. मी तक्रार करणार नव्हतो.

“मंग तुमाले कसा वाटला?” तिनं विचारलं.

“काय?”

“समुद्र. खरा.”

इतकी वर्षं मी हा शब्द शिकवला होता, खडूनं काढला होता, त्याची वीस रूपं मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्यातलं एकही मला त्या वेळी आठवलं नाही.

“भेव वाटला,” मी म्हणालो. तिच्याच बोलीत म्हणालो. वर्गात मी कधी तसं बोलत नाही.

ती पलीकडच्या माणसाकडे वळते की काय, असं मला क्षणभर वाटलं. पण तिनं खाज्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधल्या जागेत सरकली. “मलेबी वाटला,” ती म्हणाली.

समोरच्या बर्थवर हालचाल झाली. आम्हाला वाटत होतं त्या झोपल्या आहेत. सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि डब्याच्या भिंतीला म्हणाल्या, “त्याईले सांग, मले नाही वाटला भेव. मले तं काही दिसलंच नाही.”

बायकोनं मला ते सांगितलं नाही. मी ऐकलं होतं.